तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून

माझ्या वडिलांचे वरचे दोन दात शिरोळकडच्या एका वरातीत गेले, आणि ज्याने ते पाडले त्याला पुढे आमच्याच घरात, आमच्याच कपबशीतून चहा मिळाला. चहा मी केला होता. त्यात मी काही मिसळलं नाही हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी मनात बरंच काही आलं होतं.

अब्बा बँडमास्तर होते. आजोबा संस्थानच्या काळात बिगुल वाजवायचे, तेव्हापासून कोल्हापुरातल्या आमच्या घरात हेच काम. अब्बांकडे ट्रंपेट, धाकट्या चाचांकडे क्लॅरिनेट, आणि ढोल, ताशा, झांज वाजवणारे सगळे नात्यातले नाहीतर शेजारचे. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो आणि बाहेर मराठी, पण अब्बा तापले की घरातसुद्धा मराठीतच तापायचे. ते बहुतेक वेळ तापलेलेच असत, म्हणून त्यांचं बोलणं मला मराठीतच आठवतं.

आमच्या बँडाचा आजोबांपासून चालत आलेला एक नियम होता. वरातीच्या वाटेवर मयताचं घर लागलं की वाजप बंद. मास्तर ट्रंपेट डोक्यावर उचलून धरतो, ताशेवाला काड्या काखेत मारतो, आणि सगळी वरात पुढच्या कोपऱ्यापर्यंत मुकाट चालते. कोपरा वळला की पुन्हा सुरू. नवरदेव घोड्यावर असो नाहीतर जीपमध्ये, कुणी कुरकुरत नसे. लग्न आज तुझ्या दारात, मयत उद्या तुझ्याच दारात, एवढं सगळ्यांना कळत होतं.

शिरोळकडच्या त्या वरातीत मात्र नवरदेवाच्या मामाला ते कळेना. त्या साली ऊस जोरात होता आणि तो सगळा मामाच्या डोक्यात चढला होता. मी तिथे नव्हते, चाचांनी सांगितलं ते सांगते. एका दारात माणसं उघड्या डोक्यानं बसलेली दिसली आणि अब्बांनी ट्रंपेट वर केला. बँड थांबला.

मामा काठी घेऊन पुढं आला. "काय रं, थांबलास कशापायी? वाजीव की."

"पावणं, मयताचं घर हाय. कोपऱ्यापतुर दम धरा."

"मेलं ते त्येंचं. आमचं लगीन हाय. वाजीव म्हणतो न्हवं?"

अब्बांनी ट्रंपेट खाली घेतला नाही. पाच पावलं तसेच चालले. मग मामानं काठी फिरवली. ती वर धरलेल्या ट्रंपेटला लागली आणि ट्रंपेट खाली येऊन अब्बांच्या तोंडावर आदळला. दोन दात रस्त्यावर पडले, आणि तरीही बँड कोपऱ्यापर्यंत मुकाटच गेला. चाचा म्हणायचे, कोपरा वळल्यावर अब्बांनी हातानं खूण केली, वाजवा. स्वतः मात्र रुमाल तोंडाला लावून चालत राहिले.

ट्रंपेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की त्याचं सगळंच गेलं. ओठाला मागून आधार दातांचा असतो. तो नसला की हवा भलत्या फटीतून पळते आणि सुराऐवजी फुस्स बाहेर येतं. डॉक्टरनं कवळी दिली. पहिल्याच चढ्या सुराला कवळी सुटली आणि अंगणात कोंबड्यांच्या मधोमध जाऊन पडली. माझ्या धाकट्या बहिणीला हसू आवरेना. अब्बांनी कवळी उचलली, धुतली, खिशात टाकली आणि ट्रंपेट खुंटीला लावला.

तिथून घर बसलं. दुसऱ्या गल्लीतला बँड आमच्या सुपाऱ्या नेऊ लागला. चाचांनी एकदा चाचपडत सुचवलं, "भाईजान, झांज तरी धरा, मास्तर दिसायला पाहिजे पुढं." अब्बांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चाचा आठवडाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. झांज वाईट असं नाही. पण ज्याच्या ट्रंपेटवर वरात पाय उचलते, त्याला शोभेसाठी पुढं उभं करायचं, हे मलाही सहन झालं नसतं. अम्मी शिलाई करू लागली. मी कॉलेजात होते, गल्लीतली पहिली मुलगी, आणि माझं कॉलेज सुटणार अशी चर्चा मला ऐकू येईल अशा बेतानं चाललेली असे. अब्बा दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत. मला त्या मामाचा इतका राग यायचा की साखर पाहिली तरी तोंड कडू व्हायचं.

अशात जुम्म्याच्या नमाजाला एक उंच, काळा, अतिशय मृदू बोलणारा तरुण येऊ लागला. आफ्रिकेतून शिकायला आला होता, कॉलेजजवळ खोली घेऊन राहायचा. गल्लीतली पोरं "हबशी, हबशी" करत मागे लागायची. अब्बांनी एकाच्या पाठीत धपाटा घातला आणि त्या तरुणाला जेवायला घरी आणलं. त्याला हिंदी मोडकं येत होतं, मला इंग्रजी मोडकं, त्यामुळे दोन मोडक्यांवर आमचं छान जमलं. तरण्या पोरीनं परक्या पोराशी बोलावं का, यावर शेजारणींनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हाही मी ते मनावर घेतलं नव्हतं.

खुंटीवरचा ट्रंपेट पाहून तो म्हणाला, हे कोण वाजवतं? अम्मीनं डोळ्यांनी मला खुणावलं की विषय नको. अब्बांनी ओठ वर करून खिंडार दाखवलं आणि म्हणाले, "वाजवत हुतो."

पुढच्या शुक्रवारी तो गाण्यांची मोठी तबकडी घेऊन आला. तिच्या वेष्टनावर एका माणसाचा फोटो होता. गाल फुगलेला, डोळे मिटलेले, आणि ट्रंपेट तोंडाच्या मधे नाही तर डाव्या कोपऱ्यात, विडी धरावी तसा. हा माझ्या देशातला सगळ्यात मोठा वाजवणारा, तो म्हणाला. मग त्यानं त्या माणसाची सगळी हकिगत सांगितली. मी मराठीत करून अब्बांना सांगत गेले.

त्याचा बाप बंदरावर हमाल होता. पोरगा गोऱ्यांच्या पलटणीच्या बँडात बूट पुसायला लागला आणि तिथेच ट्रंपेट शिकला. साहेबांच्या मेजवान्यांत दाराबाहेर उभा राहून वाजवायचा. गोरे गेल्यावर त्यानं स्वतःचा बँड काढला. आजीच्या तोंडची गाणी, कोळ्यांची गाणी, सगळं ट्रंपेटवर घेतलं. त्याची तबकडी लागली की लोक हॉटेलाबाहेर गर्दी करायचे. पुढं गोऱ्यांच्या जागी आपलेच शिपाई राज्य करू लागले. त्यांनी एका सभेवर गोळ्या झाडल्या आणि हुकूम काढला की मेलेल्यांसाठी कुणी जमायचं नाही, गायचं नाही. हा माणूस जमला आणि त्यानं वाजवलं. शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे पुढचे दात पाडले आणि म्हणाले, आता वाजव.

अब्बा इतका वेळ भिंतीला टेकून होते, ते सरळ बसले. "मग?"

मग तो काही काळ गप्प होता. नंतर त्यानं ट्रंपेट तोंडाच्या कोपऱ्यात धरला, जिथे दात शाबूत होते, आणि लहान मुलासारखं पहिल्यापासून शिकला. देश सोडावा लागला. आता परदेशात मोठमोठ्या सभागृहांत वाजवतो. त्याच्या देशाच्या रेडिओवर मात्र त्याला बंदी आहे.

"म्हंजी त्येला वाजिवलं म्हणून मारलं," अब्बा म्हणाले, "आन् मला न्हाय वाजिवलं म्हणून." त्यांनी वेष्टन हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि कितीतरी वेळ त्या माणसाच्या गालाकडे बघत राहिले. "डाव्या कडंनं धरतोय. माझ्या बी डाव्या कडंचं दात हाईत."

त्या तरुणाला पुढचं वर्ष मुंबईच्या कॉलेजात काढायचं होतं. तबकडी तो आमच्याकडे ठेवून गेला. आमच्या घरी कसलं आलंय वाजवायचं यंत्र. गल्लीच्या तोंडाशी लग्नाला लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा होता, त्याच्या दुकानात आम्ही गेलो. त्यानं फडक्यानं तबकडी पुसली, सुई ठेवली, आणि आम्ही ऐकलं.

काय तो ट्रंपेट. चढत चढत एवढ्या उंच जात होता की दुकानाबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. लय झपाझप. मधे कुणीतरी बारीक आवाजात गात होतं. मी म्हटलं, त्याची मुलगी असेल. अब्बा फिरत्या तबकडीकडे बघत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव." दुकानदारानं किती वेळा लावलं देव जाणे. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मास्तर, सुई झिजंल की." अब्बा म्हणाले, "झिजू दे. दात न्हाईत आन् कोपऱ्यातनं सूर काढतोय. आपलं दोनच दात गेल्यात, तर उंबरा झिजवत बसलोय."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. घरी वाजवायची सोय नव्हती, कारण जे निघत होतं ते ऐकून शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं, असं शेजारीण म्हणायची. म्हणून अब्बा सायकलवर ट्रंपेट बांधून कसबा बावड्याकडे, कारखान्यापलीकडच्या रानात जायचे. उसाला काय, कुणी कसंही वाजवा. परत आले की ओठाचा डावा कोपरा सुजलेला, कधी रक्त आलेलं. अम्मी हळद लावायची आणि बोलायची, "ह्या वयात नसता नाद." अब्बा एका बाजूनं जेवायचे आणि सकाळी पुन्हा सायकल काढायचे. महिन्यांमागून महिने गेले. मधल्या सुरांपर्यंत लवकर पोचले, पण त्या तबकडीतला शेवटचा चढा सूर काही केल्या लागेना. "तिथंपतुर जाईपतुर मी वरातीत उभा ऱ्हाणार न्हाय," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. चाचा म्हणाले, मधले सूर पुरेत, लोकांना कुठं कळतंय? अब्बा म्हणाले, "लोकांस्नी कळायसाठी न्हाय, मला कळायसाठी."

आणि एक दिवस तो लागला. मी त्या दिवशी डबा घेऊन गेले होते. सूर उसावरून कारखान्याच्या धुराड्याकडे गेला असं मला वाटलं. अब्बांनी ट्रंपेट खाली घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "भाकरी काय आणलीस, ज्वारीची का?" मी रडायला लागले. तेही रडले असते, पण त्यांना भूक लागली होती.

तुळशीची लग्नं झाली, हंगाम सुरू झाला, आणि अब्बा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात ट्रंपेट धरून पुन्हा रस्त्यावर उभे राहिले. आधी लोक हसले. मग त्यांनी आफ्रिकेची ती धून सुरू केली. झपाझप होतीच, उरलंसुरलं काम आमच्या ताशेवाल्यानं केलं. पोरांनी असा धुरळा उडवला की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला आला. पंधरवड्यात कोल्हापुरात तिचं नाव झालं. लोक सुपारी द्यायला यायचे आणि विचारायचे, "ते हबश्याचं वाजिवणार न्हवं?" अब्बा म्हणायचे, "हबश्याचं न्हाय. आमच्या दोस्ताचं."

त्याच हंगामात तो मामा आमच्या दारात आला, पुतण्याच्या लग्नाची सुपारी घेऊन. ज्या चहाचं आधी सांगितलं तो ह्याच वेळचा. मला वाटलं, अब्बा त्याला पायरीवरूनच हाकलतील. अब्बांनी त्याला चटईवर बसवलं आणि म्हणाले, "येतो की. पर नियम त्योच ऱ्हाईल." मामा बशीत बघत "व्हय मास्तर" म्हणाला. माफी मागितली नाही. अब्बांनाही ती नको होती. त्यांना त्याच्यासमोर वाजवायचं होतं, आणि ते त्यांनी वाजवलं.

मग आमचा तरुण पाहुणा परत आला. एका वरातीत अब्बांना वाजवताना ऐकून तो रस्त्याच्या कडेला गोंधळून उभा राहिला. मला म्हणाला, ही धून ओळखीची वाटते, कुठली? मी म्हटलं, अरे बाबा, तुझीच तबकडी. तो मानेना. शेवटी आम्ही त्याला लाऊडस्पीकरवाल्याकडे नेलं. तिथे त्यानं यंत्राकडे पाहिलं. तबकडी किती वेगानं फिरवायची ते ठरवणारी त्याची कळ केव्हाच मोडली होती आणि दुकानदारानं ती छोट्या फिल्मी तबकड्यांच्या वेगावर सुतळीनं बांधून टाकली होती. मोठी तबकडी सावकाश फिरवायची असते, हे त्या दुकानात कुणाला कळायची कधी वेळच आली नव्हती. पाहुणा पायरीवर बसून इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग त्यानं सुतळी सोडली आणि कळ हातानं दाबून धरली.

खरी धून आम्ही पहिल्यांदा ऐकली. सावकाश, खालच्या पट्टीत, जड पावलांची. बारीक आवाजात गाणारी मुलगी म्हणजे तोच होता, भरदार गळ्याचा पुरुष. ही त्या मेलेल्या लोकांसाठी वाजवलेली धून आहे, पाहुणा म्हणाला. मयताची.

अम्मीला कळलं तेव्हा तिनं दोन्ही कानांना हात लावले. किती लग्नांत आम्ही मयताचं वाजवलं होतं. चाचा म्हणाले, आजपासून बंद. अब्बा बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारायला लावली. तो माणूस, तो त्या चढ्या सुरापर्यंत जातो का?

पाहुणा म्हणाला, नाही. तो कसा जाईल, एवढा चढा तर तुमच्या यंत्रानं केला? तिथपर्यंत जाणारा माझ्या ऐकण्यात कुणीच नाही.

"मग त्येला कळीव," अब्बा म्हणाले, "कोल्हापुरात जात्यात."

पाहुण्यानं हात जोडून विनंती केली, एकदा तरी खरी, हळू वाजवून दाखवा. अब्बा ट्रंपेट पुसत म्हणाले, "हळू वाजवायला कोण मेलंय? मेल्यावर बघू."

वर्षं गेली. पाहुणा शिकून परत गेला. मी शाळेत बाई झाले. अब्बांचे आणखी दात पडले, पण डावीकडचे त्यांनी जिवापाड जपले, ऊस खाणं सोडलं, सुपारी सोडली. ती धून चालूच राहिली, झपाझप, चढ्या पट्टीत. अम्मीसुद्धा पुढं पुढं ती गुणगुणायची.

एका दुपारी शाळेच्या ऑफिसातल्या रेडिओवर इंग्रजी बातम्या चालल्या होत्या. शेवटी शेवटी त्या माणसाचं नाव आलं. परदेशात वारला होता. त्याच्या देशातल्या सरकारनं मृतदेह आणू द्यायला नकार दिला होता. मी पर्स उचलली आणि मुख्याध्यापकांना न विचारता निघाले. अब्बांची वरात कुठे आहे मला माहीत होतं. शिरोळकडच्या त्या मामाच्याच घराची, पण नवरी कोल्हापूरची, म्हणून शहरात. रंकाळ्याकडच्या रस्त्यावर मी त्यांना गाठलं आणि वाजवता वाजवता थांबवून कानात सांगितलं.

अब्बांनी ट्रंपेट खाली घेतला. चाचांनी त्यांचं तोंड पाहिलं आणि नियमाप्रमाणे क्लॅरिनेट वर उचललं. ताशा थांबला. सगळी वरात थांबली. गर्दीतून तो मामा पुढं आला. आता म्हातारा, काठी टेकायला लागलेली. "काय झालं मास्तर?"

चाचा म्हणाले, "मास्तरांच्या घरचं मयत हाय."

मामानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "मग ऱ्हाऊ द्या. कोपऱ्यापतुर न्हवं, मांडवापतुर गप चलू आमी. त्या वक्ताला मी..." त्यानं काठीकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी तो दम धरायला तयार झाला होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझा त्याच्यावरचा राग उतरला.

अब्बा म्हणाले, "न्हाय पावणं. त्या दिशी गप ऱ्हाणं बरूबर हुतं. आज न्हाय. ह्या माझ्या दोस्ताचं दात गप करायसाठीच पाडलं हुतं. आज आपण गप बसलो तर त्या शिपायांचंच खरं झालं. फेटा घाला."

मला वाटलं, आता ते हळू वाजवतील. मेल्यावर बघू म्हणाले होते. मला ते ऐकायचंही होतं. अब्बांनी ट्रंपेट तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात लावला, ताशेवाल्याकडे पाहून मान हलवली, आणि धून सुरू केली ती झपाझप, आमच्या मोडक्या यंत्राच्या वेगानं, आमच्या पट्टीत. वरात एक क्षण बावरली आणि मग तिनं पाय उचलले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाल फुगलेला होता. ते चढत गेले, चढत गेले, आणि तो माणूस जिथे कधीच पोचला नव्हता त्या सुरावर त्यांनी त्याला नेऊन ठेवलं. मी साडीचा पदर खोचला आणि भर रस्त्यात, शाळेतली बाई, नाचले.